पहाटे रिकामी तापणारी गाडी : सोलापुरातल्या एका जुन्या ट्रकचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दहा टायरी गाडी माझ्याकडे आली. २००४ सालचं मॉडेल, टाटाचं ६९७ टर्बो इंजिन. सहा सिलिंडर. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा भरायचा, हैदराबादला उतरवायचा, परतीचं भाडं मिळालं तर भरून आणि नाही मिळालं तर रिकामं यायचं, हे तिचं काम. मालकांनी तक्रार एका वाक्यात सांगितली: "गाडी तापते, पण रोज तापत नाही."

रोज तापणारी गाडी सोपी असते. ती समोर तापते, हात लावून बघता येतं. कधीतरी तापणाऱ्या गाडीवर मात्र अंदाजाने पार्ट बदलले जातात. या गाडीचंही तेच झालं होतं. नोव्हेंबरपासून माझ्याकडे येईपर्यंत रेडिएटरची जाळी नवी बसली होती, वॉटर पंप बदलला होता, हेड उतरवून फेसिंग करून नवं गॅस्केट टाकलं होतं आणि थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे पाणी तापलं की जाळीकडची वाट उघडणारं झाकण, काढून फेकून दिला होता. एवढं सगळं करूनही गाडी महिन्यातून दोनदा तापतच होती. मालक वैतागले होते. "आता ब्लॉकलाच चीर असेल, इंजिन खाली घ्यायचं का सांगा," म्हणाले. मी म्हटलं, मालक, आधी मला मामांशी बोलू द्या.

मामा म्हणजे ड्रायव्हर. अकरा वर्षं याच गाडीवर. मधल्या चारही दुरुस्त्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. गाडी लावा, चावी द्या, संध्याकाळी या, एवढंच. मी त्यांना चहा दिला, वहीत चार रकाने पाडले आणि प्रत्येक वेळी गाडी कुठे तापली, किती वाजता, भरलेली की रिकामी, आणि तापल्यावर तुम्ही काय केलं, हे एकेक करून विचारलं.

"दिवसा भरून गेलो की काय होत नाही बगा मिस्त्री. येताना, रिकामी असली की. पहाटं उमरगा सोडलं की नळदुर्गपर्यंत कुठंतरी काटा चढतो."

मी परत विचारलं. वहीत लिहिलेल्या चारही वेळा रिकामी? चारही वेळा. चारही वेळा पहाटे? तीनदा पहाटे, एकदा रात्री अकराच्या सुमारास. घाट, चढ? नाही, सरळ रस्ता.

इथेच मी पेन खाली ठेवलं. दुपारच्या ४२ अंशात, पोटभर कांदा भरलेली गाडी तापत नाही आणि पहाटेच्या गार हवेत रिकामी पळणारी गाडी तापते. जाळी लहान पडत असती, चोंदलेली असती किंवा फॅन कमी हवा ओढत असता, तर गाडी उलट वागली असती. ओझं, ऊन आणि चढ हे तीन जिथे एकत्र येतात तिथे ती आधी तापली असती. ही गाडी तिथे तापत नव्हती, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद तिच्यात होती. मग ती ताकद ठराविक वेळी कुठे जाते, एवढंच शोधायचं राहिलं.

आणखी दोन प्रश्न विचारले. पहिला, काटा चढल्यावर मामा काय करतात? गाडी बाजूला घेऊन आयडलवर ठेवतात, दोन-तीन मिनिटांत काटा खाली येतो. पाणी कमी असतं किंवा गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरत असता, तर काटा इतक्या सहज खाली आला नसता. दुसरा प्रश्न, नोव्हेंबरात गाडी कशी तापायची?

"तवा चढाला तापायची. ऊस भरून कारखान्याला जायचो ना, पुलाच्या चढाला लगेच."

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली या एका उत्तरात होती. आधी चढाला, भरलेली. आता सपाटीला, रिकामी. नोव्हेंबरात जाळी खरंच चोंदली होती. ती नवी बसल्यावर तो आजार गेला. त्याच दुरुस्तीत दुसरं काहीतरी बिघडलं. दोन्हींचं लक्षण एकच, 'गाडी तापते', म्हणून सगळ्यांना वाटलं की जुनाच आजार अजून गेलेला नाही. मग पंप, हेड आणि थर्मोस्टॅट, सगळं त्या गेलेल्या आजाराच्या मागे खर्ची पडलं.

अर्थात, हा अजून अंदाजच होता.

काटा खरं बोलतो का

चारही वेळा अंधार होता, म्हणजे चारही वेळा हेडलाइट चालू. जुन्या गाडीत हे सोडून चालत नाही. टेंपरेचरचा सेंडर, म्हणजे इंजिनचं तापमान मीटरला कळवणारा पार्ट, एका वायरीचा असतो; त्याचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, इंजिनच्या अंगातून जातो. केबिन किंवा इंजिनचा अर्थ गंजला असेल, तर हेडलाइट लावताच मीटरचे काटे सरकतात. अशा वेळी टेंपरेचरबरोबर डिझेलचा काटाही वर चढतो. डिझेल आपोआप वाढत नसतं, त्यामुळे खोटा काटा ओळखायची ही सोपी खूण आहे. इंजिन गरम करून हेडलाइट लावले. दोन्ही काटे जेमतेम आपल्याच जाडीएवढे हलले. अर्थची पट्टी काढून घासून परत बसवली, तेही थांबलं. पण एका पहाटे जाळीत सहा लिटर पाणी घालावं लागलं होतं, हे मामांनी आधीच सांगितलं होतं. काटा खोटा असता तर पाणी उडालं नसतं. गाडी खरंच तापत होती.

त्या पहाटेची खूण मामांच्या डाव्या मनगटावर आहे. घाईत झाकण अर्धं फिरवलं, ओल्या फडक्यासकट. चमड्यासारखा चकचकीत, तळहाताएवढा डाग. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब सुटला, की त्याच क्षणी ते उकळून वाफेसकट अंगावर येतं. वरचा पाइप हाताने दाबून मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला चीर तिथूनच जाते. प्रत्येक क्लीनर पोराला मी हे सांगतो, कितीही वेळा सांगावं लागलं तरी.

तुळजापूरचा घाट

मालकांचा आग्रह होता की गाडी भरून घाटाला काढूया. मला खात्री होती की घाटात ती तापणार नाही. तरी मी हो म्हटलं, कारण 'तापत नाही' हेही पुराव्यानिशी हाती असावं लागतं. दुपारी एक वाजता भरलेली गाडी घेऊन निघालो. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी बालाघाटाचा चढ. मामा जुन्या वळणाचे ड्रायव्हर, गिअर वेळेवर टाकतात, इंजिनला ओरडू देत नाहीत. काटा निम्म्याच्या थोडा वर जाऊन तिथेच राहिला. वर थांबून टेंपरेचर गनने मोजलं, थर्मोस्टॅटच्या घराजवळ ९१ अंश. भर उन्हात भरलेल्या गाडीला हे काहीच नाही.

गनबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर गन धरायची. हे न केल्यामुळे कित्येक तापलेली इंजिनं 'गार' ठरतात.

घाट उतरताना मामांना विचारलं, भरलेली गाडी हायवेला किती पळवता? चाळीस-पंचेचाळीस. आणि रिकामी? "सत्तरला. घर दिसतंय ना मग."

गाडीला आरपीएमचं, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचं, मीटर नव्हतं. पण टॉप गिअरला सत्तर म्हणजे या गाडीचं इंजिन २,००० च्या वर सलग फिरत होतं. भरून जाताना आणि घाटात मामा १,५००–१,६०० च्या पुढे जातच नव्हते. तापण्याचा संबंध ओझ्याशी नव्हता, उन्हाशी नव्हता, अंधाराशीही नव्हता. होता तो इंजिनच्या फेऱ्यांशी, तोही सलग टिकलेल्या फेऱ्यांशी.

खड्ड्यात

वॉटर पंप जाळीच्या खालच्या टाकीतून पाणी ओढतो आणि इंजिनमध्ये ढकलतो. म्हणजे वरचा पाइप ढकललेल्या पाण्याचा, खालचा ओढलेल्या पाण्याचा. इंजिन जेवढं जोरात फिरेल, तेवढी खालच्या पाइपातली ओढ वाढते. म्हणून त्या पाइपात तारेची स्प्रिंग असते, किंवा पाइप आतून कापड-तारेने कडक केलेला असतो. नाहीतर तो आत खेचला जातो आणि पाण्याची वाट तोच बंद करतो. रस ओढताना कागदाची नळी चपटी होते, तसं. तपासताना सगळे वरचा पाइप दाबून बघतात, कारण बॉनेट उघडलं की तोच हाताला लागतो. खालचा पाइप या गाडीत क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीच्या, मागे असतो. तो बघायचा तर गाडीखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, उतरावं लागतं.

सकाळी गाडी पिटवर घेतली. क्रँक पुलीला चमकपट्टीचा तुकडा लावला आणि फेऱ्या मोजणारा फोटो टॅको धरायला एकाला उभं केलं. जाळीसमोर अर्धा पुठ्ठा लावून पाणी ८८ अंशांवर आणलं आणि मग पुठ्ठा काढला. मामा केबिनमध्ये, ॲक्सिलेटरवर. मी बॅटरी घेऊन खाली.

१,५०० ला पाइप नुसता थरथरत होता. १,९०० ला वळणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडला आणि सुटला, पडला आणि सुटला. २,२०० वर मी मामांना थांबायला सांगितलं. पहिली पाच-सहा मिनिटं खळगा तेवढाच होता. आधीच्या मिस्त्रींनी कधी खाली वाकून बघितलं असेलच, तर दोन-चार वेळा रेस देऊन बघितलं असेल आणि त्यांना काहीच दिसलं नसेल. रबराला गरम होऊन मऊ पडायला वेळ लागतो. नवव्या मिनिटाला पाइपाच्या दोन्ही भिंती एकमेकींकडे आल्या आणि वळणावर तो रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा चपटा झाला. मध्ये बोटभर फट राहिली असेल.

वर गन धरलेल्या पोराने आकडे सांगायला सुरुवात केली. नेहमी वरच्या आणि खालच्या टाकीत सात-आठ अंशांचा फरक असतो. इथे वरचा आकडा ९४, ९७, १०१ असा चढत गेला, तर खालचा ७४ वर आला. पाणी जाळीत अडकून गार होत होतं आणि इंजिनात अडकून तापत होतं. दोन्हीकडे पाणी होतं, मधे वाट नव्हती.

"सोडा!" मी ओरडलो. मामांनी पाय काढला. तीन सेकंदांत पाइप 'फट्' आवाज करून फुगला, गोल झाला, जणू काही झालंच नव्हतं. रस्त्यावर बाजूला घेऊन बॉनेट उघडलेल्या माणसाला हा पाइप चपटा कधी दिसणारच नव्हता, कारण गाडी थांबवताच तो बरा होत होता.

मी तेच परत करून मामांना खड्ड्यात बोलावून दाखवलं, मग मालकांना. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मी गाडी नीट चालवत नाही असं म्हणत होते ते..." त्यांना आधीच्या ठिकाणी तसं ऐकवलं गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मालकांनी तिथेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पाइप काढला. साधा रबरी पाइप, आत स्प्रिंग नाही. जानेवारीत नवी जाळी बसवताना जुना पाइप फाटला असणार आणि हाताला येईल तो मापाचा पाइप लावला गेला असणार. त्यानंतर बसलेल्या नव्या वॉटर पंपाने ओढ आणखी वाढवली. चांगला पार्ट टाकल्यामुळे आजार वाढला, म्हणून शंका हेडवर गेली.

एकेक करून

मालक म्हणाले, सगळं एकदम बदला आणि मोकळं व्हा. मी ऐकलं नाही. सगळं एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि या गाडीवर पाच महिने तेच चाललं होतं.

आधी फक्त पाइप. वळणाला ताण बसणार नाही एवढ्या लांबीचा, आत तारेची स्प्रिंग घातलेला, दोन्ही टोकांना नवे क्लिप. रिकामी गाडी पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत नेऊन परत आणली, मुद्दाम टॉपच्या खालच्या गिअरला, म्हणजे फेऱ्या २,००० च्या खाली उतरू नयेत. काटा लालकडे गेला नाही. पण निम्म्यावरही राहिला नाही, थोडा वरच राहिला.

तो उरलेला भाग काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटचा. आमच्याकडे उन्हाळा लागला की 'वॉल काढा, गाडी गार राहते' असा सल्ला सर्रास दिला जातो. या इंजिनासारख्या बायपासवाल्या इंजिनात तो उलटा पडतो. तिथल्या थर्मोस्टॅटला दोन झाकणं असतात. पाणी तापलं की एक झाकण जाळीकडची वाट उघडतं आणि त्याच हालचालीत दुसरं झाकण बायपासची वाट बंद करतं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा जाळीकडे न जाता परत इंजिनातच फिरतो. हिवाळ्यात हेच इंजिन गार राहतं, डिझेल जास्त पितं, धूर काढतं. ८० अंशांच्या आसपास उघडणारा नवा थर्मोस्टॅट आणला, बसवायच्या आधी भांड्यात पाणी तापवून तो उघडताना मालकांना दाखवला. परत मोहोळ. काटा निम्म्यावर, गनवर ८६.

मग जाळीचं झाकण. त्याची रबरी गादी चिरली होती, दाब धरत नव्हतं. दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण तोच दाब खालच्या पाइपाला आतून आधारही देत असतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. त्याच दाबाचं नवं झाकण लावलं. एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी गार असताना पाइप चपटा दिसला, तर दोष झाकणातल्या उलट्या वॉलचा असतो, तो हवा आत घेत नाही. गरम इंजिन जोरात फिरताना चपटा झाला, तर दोष पाइपाचा.

शेवटी जाळी धुतली, इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाने. पुढून मारलं की घाण आत बसते. कांद्याची फोलपटं निघाली, मूठभर, गुलाबी आणि पातळ, पंखांच्या फटींत पानासारखी बसलेली. मार्केट यार्डात तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांची जाळी दर महिन्याला धुवावी लागते, त्याचं कारण हेच.

पाणी मात्र मी बोअरचं घालू दिलं नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये बोअरचंच हाताशी असतं. पण घरातल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच जाळीच्या नळ्यांत आणि सिलिंडरभोवती चढतो. नोव्हेंबरातली जुनी जाळी त्यानेच गेली होती. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. एवढ्या मिश्रणाचा उकळबिंदू दाबाशिवायही १०० च्या सहा-सात अंश वर जातो, आणि त्यातलं औषध गंज धरू देत नाही. इंजिन चालू ठेवून, वरचा नट ढिला करून हवा काढली, पातळी बघितली, गार झाल्यावर परत बघितली.

मामांना एक वही दिली. प्रत्येक फेरीत उमरगा आणि नळदुर्गला काटा कुठे आहे, गाडी भरलेली की रिकामी, एवढंच लिहायचं. मे संपेपर्यंत सात फेऱ्या झाल्या. सातही ओळींत 'निम्मा' लिहिलंय. पाचव्या ओळीत रिकामी गाडी, पहाटे साडेचार, आणि पुढे मामांनी स्वतःहून जोडलंय: 'सत्तरला'.

जूनच्या पहिल्या पावसात मालक त्यांची दुसरी गाडी घेऊन आले. ती तापत नव्हती, नुसतं ग्रीसिंगचं काम होतं. पिटवर घेतल्यावर मी सवयीने क्रॉस मेंबरच्या मागे हात घातला आणि खालचा पाइप दाबला. तारेचा कडकपणा लागलाच नाही, बोटं एकमेकांना भेटली. मालकांनी वरून विचारलं, "काय मिस्त्री?" मी म्हटलं, "मालक, खाली या."